गुन्हा नाही आणि नातेही नाही

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर संध्याकाळी जमणाऱ्या आमच्या मंडळींत एक वकीलसाहेब आहेत. इथल्या कोर्टात त्यांची उभी हयात गेली. समलिंगी विवाहाचा विषय निघाला की त्यांचे म्हणणे ठरलेले असते. कलम ३७७ गेले, आता पोलीस दारात येत नाहीत, दोन पुरुषांनी एका घरात राहावे किंवा दोन बायकांनी राहावे, कोण अडवतो? मग लग्नाच्या दाखल्यासाठी एवढा आटापिटा कशाला? माना डोलतात. प्रतिवाद सुरू करावा तर कोणीतरी केळीच्या भावाचे काढतो आणि सगळे तिकडे वळतात. घाटावर जे उत्तर कधीच पुरे होत नाही, ते इथे पुरे करतो.

वकीलसाहेबांचा मुद्दा बिनतोड वाटतो, कारण त्याचा पहिला भाग खरा आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. दुसरा भाग १७ ऑक्टोबर २०२३ चा. त्या दिवशी दुसऱ्या एका पाच जणांच्या घटनापीठाने सांगितले की विवाह हा मूलभूत हक्क नाही. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याचे बंधन तरी सरकारवर आहे का, यावर मते फुटली. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल एका बाजूला, न्या. भट, न्या. कोहली आणि न्या. नरसिंह दुसऱ्या बाजूला. तीन विरुद्ध दोन. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या: तुम्ही गुन्हेगार नाही आणि तुम्ही एकमेकांचे कोणीही नाही. वकीलसाहेब पहिले वाक्य मोठ्याने म्हणतात आणि दुसरे गिळतात.

दुसऱ्या वाक्याचा हिशेब मांडू. समजा इथल्या लालबागमध्ये पंचवीस वर्षे एकत्र राहणाऱ्या दोन बायका आहेत. घर एकीच्या नावावर आहे. तिला पक्षाघाताचा झटका येतो, गाडीत घालून जळगावला नेतात, दवाखान्यात संमतिपत्रावर सही मागतात आणि विचारतात, नातेवाईक कोण? दुसरीने काय लिहावे? मैत्रीण? ती दगावली आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५ वारस शोधायला निघते. नवरा नाही, मूल नाही, तर आई-वडील. ते नसतील तर वडिलांचे वारस. तेही नसतील तर आईचे. वीस वर्षांत ज्याने उंबरा ओलांडला नाही, तो पुतण्या घराच्या किल्ल्या मागायला येतो आणि कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. पंचवीस वर्षे जिने त्या घरात चूल पेटवली, तिचे नाव त्या यादीत शेवटीही नाही.

यावर वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र करा, नॉमिनी नेमा, कायद्यात सोय आहे. वकीलसाहेब, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे तुम्हीच आम्हाला शिकवले. डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा स्पष्ट केले: शेअर आणि म्युच्युअल फंडांचा नॉमिनी ती मालमत्ता वारसांसाठी सांभाळतो, तो तिचा धनी होत नाही. मृत्युपत्राने मालमत्ता देता येते, पण दबावाखाली करून घेतले, फसवून सही घेतली, असे म्हणत रक्ताचे नातेवाईक त्याला आव्हान देऊ शकतात, आणि तसे दावे लढण्यात तुमचे आयुष्य गेले आहे. बायकोच्या बाबतीत पहिला संशय असा येत नाही. ‘मैत्रिणी’च्या बाबतीत तोच पहिला येतो. कुटुंब निवृत्तिवेतन तर मृत्युपत्राने देताच येत नाही. नवऱ्याने बायकोला घर भेट दिले तर आयकर नाही. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५०,००० रुपयांवर भेट मिळाली की ती उत्पन्नात धरली जाते. नेमक्या याच भेदभावाला मुंबईच्या एका समलिंगी जोडप्याने २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्यांनी न्यायालयाकडे मंगलाष्टके मागितलेली नाहीत. शेजारच्या फ्लॅटमधले नवरा-बायको जेवढा कर भरतात तेवढाच आपणही भरावा, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

२०२३ च्या सुनावणीत सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे मान्य केले होते. ती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली आणि त्या वर्षाच्या पावसाळ्यात काही पत्रके निघाली. समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एका कुटुंबात धरावे. त्यांना संयुक्त बँक खाते उघडता येईल. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तर जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता येईल. यातले बँक खाते आधीही उघडता येत होते; पत्रकातच लिहिले आहे की यावर निर्बंध नाहीत. जे कधी बंद नव्हते ते उघडल्याचा हा सोहळा. आणि पार्थिवाबद्दलची अट पुन्हा वाचा: नातेवाईक उपलब्ध नसतील तर. पुतण्या आला की जोडीदार पुन्हा परका.

आता वंशवृद्धीचा मुद्दा. तो घाटावरचे निवृत्त शिक्षक काढतात आणि काढताना तापीपलीकडे बोट दाखवतात, हे मला नेहमी गमतीचे वाटते. राजघाटावरून नदीतला दगडी हत्ती दिसतो, पलीकडे जैनाबाद. तिथल्या आहूखान्याच्या बागेत मुमताजमहलला पहिल्यांदा पुरले. १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात ती बऱ्हाणपुरात वारली. वय अवघे अडतीस. काही महिन्यांनी देह आग्र्याला नेला. वंशवृद्धी हेच लग्नाचे सार असेल, तर त्या साराने तिचा जीव घेतला आणि त्या वंशातल्याच एका मुलाने बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले. शाहजहानच्या लग्नातले लोकांनी काय लक्षात ठेवले? चौदा मुले नव्हेत. एक माणूस दुसऱ्यावाचून कसा उद्ध्वस्त झाला, ते लक्षात ठेवले.

इतिहास बाजूला ठेवून कायदा बघा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या चौथ्या कलमात अटी दिल्या आहेत: जोडीदार हयात नसावा, संमती देण्याइतकी मानसिक क्षमता असावी, वय पूर्ण असावे, निषिद्ध नाते नसावे. त्या कलमात अपत्यप्राप्तीचा उल्लेख एकदाच येतो, तोही मानसिक विकाराच्या संदर्भात. मूल होणार का, हवे का, असे विवाह अधिकारी कोणालाही विचारत नाही. पुण्या-नागपुरात ज्येष्ठ नागरिकांचे विवाह मेळावे भरतात, साठीपुढची माणसे लग्ने करतात, वर्तमानपत्रे कौतुकाने फोटो छापतात. त्यांना कोणी पाळण्याचे विचारत नाही. सोबत हवी, आजारपणात कोणी हवे, एवढे कारण तिथे पुरते. तेच कारण दोन पुरुषांनी सांगितले की अचानक वंश आठवतो.

‘हे सगळे बाहेरून आलेले’ हा युक्तिवाद मला सर्वांत आळशी वाटतो. बाहेरून आले ते कलम ३७७; ते १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतले. मराठीत या विषयाची उघड चर्चा स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ चालले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले, त्यात एका बाईवर प्रेम करणारी बाई आहे. या दोघांपैकी कोणालाही पाश्चात्त्यांची नक्कल करायची हौस नव्हती. त्यांना आजूबाजूची माणसे दिसत होती, इतकेच.

आणि हे ‘शहरी उच्चभ्रूंचे’ आहे का? २०२३ मध्ये केंद्र सरकारने न्यायालयात नेमके असेच लिहून दिले. सरन्यायाधीशांनी सुनावणीतच विचारले की याला आकडेवारीचा आधार कुठे आहे. मी आकडेवारी देत नाही, आपल्याच राज्यातली गोष्ट देतो. डिसेंबर १९८७. भोपाळच्या विशेष सशस्त्र दलातल्या दोन महिला कॉन्स्टेबलनी एकमेकींशी लग्न केले. दोघींपैकी कोणी इंग्रजी मासिके वाचून हे ठरवले नव्हते. परेड आणि पहारा करून पोट भरणाऱ्या त्या बायका होत्या. बातमी फुटली आणि देशभर छापून आली. काही आठवड्यांत दोघी नोकरीतून बाहेर होत्या.

इथे थांबायला हवे, कारण वकीलसाहेबांच्या मूळ मुद्द्याचे उत्तर याच प्रकरणात आहे. त्या दोघींवर कलम ३७७ लावून खटला भरला गेला नाही. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले नाही. ‘गुन्हा नाही’ या निकषावर त्या १९८८ मध्येही निर्दोषच होत्या. तरी वर्दी गेली, पगार गेला. गुन्हा नसणे हे तेव्हाही संरक्षण नव्हते आणि आजही नाही. सरकारी नोकरीत आज राज्यघटनेचे कलम १५ आणि १६ दाखवता येईल. खासगी मालकाने किंवा घरमालकाने केवळ याच कारणाने हाकलले, तर समलिंगी माणसाला बोट ठेवता येईल असा एकही कायदा या देशात नाही. २०१९ चा कायदा आहे तो तृतीयपंथीयांसाठी. (हे दोन विषय वेगळे आहेत, पण घाटावर दोन्ही एकाच पोत्यात जातात.)

‘शहरी’ या आक्षेपाकडे परत येऊ. यवतमाळ घ्या. २०१७ च्या शेवटी तिथल्या, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या एका तरुणाने आपल्या जोडीदाराशी लग्नाचा समारंभ गावी येऊन केला. त्याला सॅन फ्रान्सिस्को उपलब्ध होते. त्याला यवतमाळ हवे होते. किंवा नेपाळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या पहिल्या समलिंगी विवाहाची नोंद झाली ती काठमांडूत नव्हे, लमजुंग जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पालिकेच्या कचेरीत.

‘समाज अजून तयार नाही’ म्हणणाऱ्यांनी कटनी आठवावी. पंचवीसेक वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातल्या मतदारांनी दोन तृतीयपंथीयांना निवडून दिले: शबनम मौसी यांना सोहागपूरमधून विधानसभेत पाठवले आणि कमला जान यांना कटनीच्या महापौर केले. मतदार तयार होते. कमला जान यांचे पद न्यायालयात गेले: जागा महिलांसाठी राखीव आणि कायद्याच्या मते त्या पुरुष. समाज पुढे आणि कायदा मागे, असे या राज्यात घडून गेले आहे. प्रत्येक वेळी दोष समाजावर टाकून कायद्याला झोपू देण्याची गरज नाही.

लग्न हा संस्कार आहे, त्याला हात लावू नका, हे म्हणणारे सज्जन असतात. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या. पहिली, मागणी विशेष विवाह कायद्यात बदलाची होती. त्या कायद्यात सप्तपदी नाही, होम नाही, निकाह नाही. एक नोटीस, तीस दिवसांची वाट, तीन साक्षीदार आणि सह्या. कोणत्या पुरोहिताने कोणाचे लग्न लावावे हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर नव्हताच. व्यक्तिगत धार्मिक कायद्यांत शिरणार नाही हे न्यायालयाने सुनावणीच्या सुरुवातीलाच सांगितले होते.

दुसरी गोष्ट आपल्या निमाडातली. १९२८ मध्ये इंदूरचे माजी महाराज तुकोजीराव होळकर यांनी नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी लग्न केले, ते इथून फार दूर नसलेल्या बडवाहला. शंकराचार्य डॉ. कुर्तकोटींनी शुद्धी करून तिला हिंदू करून घेतले. नॅन्सीची शर्मिष्ठादेवी झाली. महाराजांसाठी धर्माला वाट सापडली. सामान्य माणसाचे काय चालले होते? १८७२ च्या कायद्याने आंतरजातीय लग्न करायचे तर १९२३ पर्यंत, आणि आंतरधर्मीय करायचे तर त्यानंतरही, आपण कोणताच धर्म मानत नाही असे जाहीर करावे लागे. उच्च जातीची बाई आणि खालच्या मानलेल्या जातीचा पुरुष यांचा हिंदू पद्धतीचा विवाह मुंबई इलाख्यात न्यायालये रद्दबातल ठरवत. हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांना सर्वत्र वैधता मिळाली ती १९४९ च्या कायद्याने. तोपर्यंत अशा जोडप्यांना शहाणी माणसे काय सांगत असतील? राहा की एकत्र, कोण अडवतो, लग्नाचा हट्ट कशाला. वकीलसाहेब, तुमचा युक्तिवाद नवा नाही. तो आपल्या आजोबांनी ब्राह्मण-मराठा जोडप्यांवर वापरला होता. आज तुमच्या-माझ्या घरात आंतरजातीय सुना आहेत आणि त्यांचे नाव रेशनकार्डावर लावताना कोणी भुवई उंचावत नाही.

या सगळ्यांपेक्षा मला जास्त सलतो तो गोड शब्दांतला सल्ला: राहा, पण गाजावाजा नको. आपल्याकडच्या लहान गावांत याला समजूतदारपणा मानतात. सगळ्यांना माहीत असते, कोणी बोलत नाही, गणपतीत दोघांनाही प्रसादाला बोलावतात. मी हे खोटे म्हणत नाही. या मायेवर कित्येक आयुष्ये निभावली आहेत. पण ही माया न बोलण्याच्या अटीवर असते आणि अटीची किंमत एकच बाजू भरते. शिवाय ती फार काळ टिकत नाही. मुलगा सत्तावीस-अठ्ठावीसचा झाला की स्थळे येतात. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागते, आणि कारण सांगायचेच नाही असे ठरलेले. मग ‘लग्न झाले की होईल ठीक’ म्हणत रावेर-सावद्याकडची कोणाची तरी मुलगी त्याच्या गळ्यात बांधली जाते. तिला कोणी काही सांगितलेले नसते. समलिंगी असणे हा आजार नाही, असे भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये जाहीर केले. तो ‘बरा करण्याचे’ उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितले. तरी घराघरांत लग्न हेच औषध म्हणून दिले जाते, आणि ते दुसऱ्याच्या मुलीला पाजले जाते. पुढे ती मुलगी कोणाकडे येते? वकीलसाहेबांकडे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून घ्यायला, कोर्टात सगळ्यांसमोर आपल्या शय्येची कहाणी सांगायला. ज्यांना विवाहसंस्थेच्या पावित्र्याची काळजी आहे त्यांनी आधी या मुलींची काळजी करावी. दोन पुरुषांच्या उघड लग्नाने कोणाचे घर मोडत नाही. या लपवलेल्या लग्नांनी दरवेळी दोन घरे मोडतात.

उद्या भाऊ-बहीणही लग्न मागतील, असा प्रश्न केंद्र सरकारच्या सॉलिसिटर जनरलनी न्यायालयात उभा केला होता. निषिद्ध नात्यांची यादी कायद्यात आहे आणि ती बदलण्याची मागणी कोणीही केलेली नाही. यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

उरतो तो वकीलसाहेबांचा सर्वांत वजनदार मुद्दा: कायदा करणे संसदेचे काम, न्यायालयाचे नव्हे. मान्य करू. पाच न्यायमूर्तींनीही शेवटी चेंडू संसदेकडेच टोलवला आणि ९ जानेवारी २०२५ रोजी पुनर्विलोकनाच्या याचिकाही बंद दालनात फेटाळल्या गेल्या. मग संसदेने काय केले ते पाहू. १८ डिसेंबर २०१५ रोजी शशी थरूर यांनी कलम ३७७ बदलण्याचे खासगी विधेयक मांडायची परवानगी मागितली. लोकसभेने ७१ विरुद्ध २४ मतांनी ते मांडूच दिले नाही. चर्चा नको, विरोध नको, मांडणेच नको. पुढे सरकारने नवी न्याय संहिता आणली, १ जुलै २०२४ पासून ती लागू झाली, आणि तिच्यात ३७७ पूर्ण गाळले गेले. संमतीच्या संबंधांपुरते ते आधीच निष्प्रभ झाले होते, तेव्हा त्या जोडप्यांना यातून काही मिळाले नाही. पण पुरुषावर झालेल्या बलात्काराची तक्रार ज्या कलमाखाली घेता येत होती, ते कलमही गेले आणि त्याजागी काही आले नाही. संसद या विषयावर विचार करत आहे, असे म्हणायला जागा कुठे आहे?

राज्य सरकारचेही पाहा. २०२३ च्या सुनावणीत महाराष्ट्राने आणखी वेळ मागितला. मध्य प्रदेशाने वेळ मागितला नाही. ज्येष्ठ वकील उभा करून विरोध केला. हा विरोध कोणाच्या वतीने झाला? भोपाळच्या विधानसभेत त्यावर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. कायदे लोकप्रतिनिधींनी करावेत असे म्हणायचे आणि लोकप्रतिनिधींना न विचारता न्यायालयात भूमिका घ्यायची, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. ‘पती’ आणि ‘पत्नी’च्या जागी ‘जोडीदार’ म्हणावे, समलिंगी जोडप्यांनाही हा कायदा लागू करावा, असा त्याचा गाभा. ते चर्चेला आले नाही आणि १७ वी लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही संपले. असे विधेयक पुन्हा मांडता येते. बऱ्हाणपूर खंडवा लोकसभा मतदारसंघात येते. वकीलसाहेब, संसदेवर तुमचा एवढा विश्वास आहे, तर खासदारांना पत्र लिहा, की हे विधेयक पुन्हा आले तर त्यावर चर्चा होऊ द्या आणि मत उघडपणे द्या, कोणत्याही बाजूने. मसुदा तुम्ही करा. माझ्यापेक्षा तुमची कायद्याची भाषा चांगली आहे. सही मी तुमच्या खाली करीन.